उजव्या हाताची नळी

"नळ आलाय, वन्सं. बसून काय राहिलात?"

दर्शनाने हंडा दारात आपटला. कालिंदी भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात उशीवर ठेवून. दंडावर चिकटपट्टी, पट्टीतून बाहेर आलेली जांभळी नळी, वरून कापलेल्या मोज्याची बाही. किमोच्या औषधाने शिरा करपल्या, तेव्हा डॉक्टरांनी ही नळी घातली होती. आतून ती थेट काळजापाशी गेलेली. डाव्या बाजूला छातीचं ऑपरेशन झालेलं, त्या हाताला सुईसुद्धा चालत नव्हती. राहिला हा एकच हात.

त्याला पाणी लागू द्यायचं नाही, वजन द्यायचं नाही. आंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो वर धरायचा, अंगात आलेल्या बाईसारखा. वैशाखाचा उकाडा. पट्टीखाली घाम साचून अशी खाज सुटायची की दात आवळून बसावं लागे. गावाला आता भाजावळ, पेरणीआधी शेत भाजायचं काम, चालली असेल. नवरा गेल्यावर कालिंदीने एकटीने भातरोपांचा तरवा काढला, चिखलात वाकून भात लावलं. आणि आता मुंबईला काळाचौकीत धाकट्या भावाच्या खोलीत उशीवर हात ठेवून बसायचं.

"सिस्टरीन सांगितलाहा गो, जड उचलू नको म्हणान."

"सिस्टरला सांगायला काय जातंय? ह्यांची रात्रपाळी, मला कामावर जायचंय. नळीच आहे ना, हात मोडलेला नाही. बसून खायला सगळ्यांनाच आवडतं."

दर्शनाने आवाज मुद्दाम चढवला. नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. चाळीत भिंतींपेक्षा दारांना कान जास्त. कालिंदी उठली.

भरलेला हंडा कमरेवर घेताना दंडात कळ गेली. पाणी उसळून बाहीत शिरलं. पट्टीची कड सुटली, ती तिने अंगठ्याने दाबून बसवली आणि कोणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. हात कोपरापासून वर लालभडक. भावाने, जयवंतने, टॅक्सी करून तिला हॉस्पिटलात नेलं. सिस्टरने पट्टी सोलली आणि तोंड वाकडं केलं. "आत पाणी कसं गेलं, मावशी?" "हंडो उचललंय," कालिंदी म्हणाली.

"जंतू झालेत," डॉक्टर म्हणाले. "नळी काढावी लागेल. ताप जाऊन हात बरा होईपर्यंत किमो बंद."

"आनि तोवर गाठ काय करतली?" कालिंदीने विचारलं.

डॉक्टरांनी फाइल पुढे ओढली आणि तापाची औषधं लिहायला घेतली.

घरी आल्यावर जयवंत भडकला. "बाय, तुका हंडो उचलूक कोणी सांगितल्यान?"

गॅसपाशी दर्शनाचा हात थांबला. कढईतली फोडणी करपली.

"कोणी नाय रे," कालिंदी म्हणाली. "माकाच रवला नाय."

सकाळी दर्शनाने चहा आणून दिला, दुधाचा, आलं घातलेला. शेजारी बसली. "वन्सं, ह्यांना सांगितलं नाहीत. उपकार झाले." कालिंदीला वाटलं, चला, उशिरा का होईना, हिला कळलं.

"तसं नळी निघाली ते बरंच झालं म्हणा," दर्शना उठत म्हणाली. "नवीन घालेपर्यंत हात मोकळाच आहे तुमचा. पाणी आलंय बाहेर." तिने पायाने हंडा पुढे सरकवला.

कालिंदीने तिच्याकडे बघितलं.

"जयवंताक उठव," ती हळू म्हणाली. "मी पाणी भरू काय, ता तेका इचार."

दर्शनाने झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःच हंडा उचलला आणि बाहेर गेली.

कालिंदी घोट घोट चहा पीत राहिली. चहा गोड असणार, आल्याचा वासही येत होता. चव मात्र कशाचीच लागत नव्हती. किमोने जीभ केव्हाच मारली होती.