परातीतला गुलाबी दोष

लखनौजवळच्या मलिहाबादच्या त्या आंबराईत रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. दशहरी आंब्याच्या झाडाखाली बसलेले बाबा मूल नसलेल्या जोडप्यांचा दोष चक्क पाण्यात दाखवत. बाईने लोट्यातल्या 'गंगाजला'ने हात धुऊन परातीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवायचे, पाणी गुलाबी झालं की बाबा डोळे मिटून म्हणत, "कोख में दोष है, बेटी. सात इतवार आना." पुरुष हात न धुताच बुडवत. त्यांचं पाणी नितळ राही आणि गर्दी हात जोडी.

१९९६ सालच्या एका रविवारी विनयाचा नंबर लागला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिचा नवरा जगदीश लखनौच्या एका संस्थेत कीटकनाशकांवर संशोधन करायचा, याच बागांत फवारणीचे प्रयोग करायचा. तोच तिला आग्रहाने घेऊन आला होता.

पाणी गुलाबी झालं. क्षणभर विनयाने ते खरं मानलं. मग तिने नीट पाहिलं. लखनौच्या तेलीबाग भागातल्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. हा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

"बाबाजी, इनके हाथ भी धुलवाइए."

"मर्दों को ज़रूरत नहीं, बेटी."

तिने स्वतःच लोटा उचलून जगदीशच्या हातांवर ओतला आणि ते दुसऱ्या परातीत बुडवले. पाणी गुलाबी. मग पूजेतलं लिंबू पिळलं, रंग उडाला.

"लोटे में सोडा है, परात में फिनॉल्फ्थेलीन," ती बायकांना म्हणाली. "सोडा लगे हाथ किसी के भी हों, रंग आएगा."

बाबा कलियुगाला दोष देत उठले. गर्दीत गलका झाला. जगदीशला मात्र कसलंच नवल वाटलेलं दिसलं नाही.

स्कूटरपाशी तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या रविवारी पाहिलं होतं. रंग ओळखला."

"मग मला का आणलंत?"

"दोन वर्षांपूर्वी मी तपासून घेतलं. शुक्राणू फार कमी आहेत. काही कीटकनाशकं शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करत असावीत, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या बाबतीत तेच कारण असेल, हे खात्रीने सांगता येत नाही. घरी बोलायचं धाडस झालं नाही. बाबांनी तुझा दोष सांगितला की माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, असं वाटलं."

"दोन वर्षं तुमच्या आई मला वांझ म्हणत होत्या. तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

बाबाने तिला क्षणभर फसवलं होतं, जगदीशने रोज.

ती बायकांकडे परत गेली. फवारणी करणाऱ्यांच्या घरच्या कितीतरी जणी तिथे होत्या. ती त्यांना म्हणाली, "आदमी की भी जाँच कराइए. छिड़काव में हाथ-मुँह ढँकवाइए, वो कपड़े अलग धोइए. वजह पक्की न पता हो तो ढूँढिए. औरत के सिर मत डालिए."

मग ती जगदीशकडे वळली. "उद्या तो रिपोर्ट घेऊन आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. आणि आईंना आज तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर."