पाखरीची शीळ

शीळ काही निघेना. केरबानं पुन्हा ओठांचा चंबू केला, छाती भरून घेतली आणि फुंकलं. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज झाला. पाखरी घोडीनं कान टवकारले, मान वळवून धन्याकडं बघितलं आणि कंटाळून परत कडब्यात तोंड घातलं.

"नाना, हवा गेली व्हय?"

दोन भावांच्या वाटणीची छातीएवढी भिंत, आणि तिच्यावर कोपरं टेकून पलीकडून पुतण्या बघत होता. ऋषिराज. धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ आता नाही. तिशी ओलांडलेला, दाढी कोरलेली, हातात मोबाईल. त्याला बघितलं की केरबाच्या तोंडाची बिघडलेली चव आणखी बिघडायची.

"तुजं काम कर जा."

"माजं काम हेच हाय की आज. तुमच्या घोडीचा लगाम धरायचा."

ते मात्र खरं होतं, आणि तेच केरबाच्या जिव्हारी लागत होतं.

कवठे महांकाळच्या पुढं, जतकडच्या अंगाला असलेल्या या गावात दसऱ्याला नाथाची पालखी शिवेवरच्या आपट्याला जाते. पुढं मानाची घोडी, घोडीवर निशाण घेतलेला मानकरी. केरबाच्या बापानं हा मान सांभाळला, मग केरबानं. नियम एकच, पण कडक. मानकरी घोडीवर बसला की शिलंगण होऊन देव देवळात परत बसेपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, की मान तिथल्या तिथं पाठच्या भावाच्या घरात जातो. म्हणूनच लगाम त्या घरच्या माणसाच्या हातात द्यायचा. ज्याला मान मिळायचा, त्याचीच नजर पायावर. जुन्या लोकांनी माणसं बरोबर ओळखली होती.

आणि मिरवणुकीआधी घोडीला मोकळं करायचं, तेही शीळ घालून. शिंगरू असल्यापासून ते मुतायला लागलं की शीळ घालायची. मग जनावर पुढं शिळेलाच मुततं. देवापुढं घाण करत नाही. केरबाची शीळ सरळ निघायची आणि शेवटाला वर वळायची. ती त्याच्या बापाची शीळ होती. आज तिच्यासाठी तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

हे सगळं गोळ्यांनी केलं.

मागच्या पावसाळ्यात केरबा अंगणात भोवळ येऊन पडला आणि तालुक्याच्या डॉक्टरनं प्रेशरची गोळी दिली. तिनं पाय सुजले. सुजेवर पाणी उतरवायची गोळी आली. तिनं उठल्यासुटल्या परसात पळायची पाळी आणली. म्हणून ते पळणं अडवायची गोळी आली, आणि तिनं तोंड पार कोरडंठाक केलं. साखरेची गोळी वेगळीच. ती पोट ढवळायची आणि तोंडात लोखंडाची चव ठेवून जायची. चहा लोखंडाचा, भाकरी लोखंडाची, नाथाचा प्रसादसुद्धा लोखंडाचा.

पलटणीत उमेदीची वर्षं केरबानं खेचरांच्या तुकडीत काढली होती. लीद, मूत, घामानं आंबलेलं खोगीर, कशाचीच त्याला कधी घाण वाटली नाही. आता घाण वाटायची ती स्वतःची. अंगठ्यानं नडगी दाबली की कणकेत पडावा तसा खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा. ढेकर आला की आपल्याच तोंडाच्या वासानं तो मान फिरवायचा. धोतर ओलं झालं की बायकोची पाठ वळेपर्यंत थांबायचं आणि मग ते बादलीत बुडवायचं. शी! असल्या अंगात राहायचं म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटायचं त्याला.

त्याची बायको हरणाबाई चहा घेऊन आली. तिची नजर आधी गोळ्यांच्या डब्याकडं गेली.

"आवं, पान्याच्या गोळ्या दोन कमी हायत. पाकिटं मी बघून ठेवलीती."

"घेतल्या. सकाळी."

"दोन?"

खरी गोष्ट अशी, की घट बसल्यापासून केरबानं ती गोळी बंदच केली होती. उपवासाला गोळी चालत नाही, असं त्यानंच ठरवलं होतं आणि नाथाच्या नावावर खपवलं होतं. पण काल बूट घालून बघायला गेला तर पाय टाचेपाशीच अडला. बुटाशिवाय रिकिबीत पाय ठरत नाही. तेव्हा पहाटे उठून त्यानं राहिलेल्यातली एक आणि आजची एक, अशा दोन घेतल्या. दुपारपर्यंत सगळं पाणी निघून जाईल, हा त्याचा हिशेब.

"आवं, त्या काय खळ्यावरच्या पेंढ्या हायत व्हय? काल ऱ्हायली म्हनून आज दोन उचलाया?"

"अडवायची बी घेतलीया वर. काय हुईत न्हाई."

"वर आनि ती बी!" हरणाबाईनं कपाळावर हात मारला. "एकीला म्हनायचं सोड, दुसरीला म्हनायचं धर. आत बिचाऱ्या पोटानं कुनाचं ऐकायचं?"

केरबानं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि राहिलेला चहा उकिरड्यावर भिरकावला.

दुपारी बूट एकदाचा गेला. गेला म्हणजे हरणाबाईनं धरला आणि केरबानं दातओठ खाऊन पाय आत कोंबला. पांढरी इजार, पांढरा सदरा, गुलाबी फेटा. देवळापुढच्या दगडावरून चढताना पाय थरथरला तेव्हा ऋषिराजनं न सांगता खांदा दिला. केरबाला तो खांदा घ्यावा लागला, आणि त्याचीही त्याला शिसारी आली.

"तो डबा खिशात घाल," केरबा मोबाईलकडं बघून म्हणाला.

"रील करतोय नाना. सगळा गाव बघतोय."

"गाव हितंच हाय. डोळ्यानं बघंल की."

हलगी कडाडली, भंडारा उधळला, पालखी उठली. बायका घागरी घेऊन वाटेवर पाणी घालत होत्या. उजव्या हातात निशाण, डावा हात खोगिरावर, पाठीचा कणा ताठ. तेवढ्या वाटेपुरतं केरबाला बरं वाटलं. घोडीवर बसला की सुजलेले पाय त्याचे राहायचे नाहीत, पाखरीचे व्हायचे. लोक हात जोडत होते. त्यानं मनात म्हटलं, बघा, अजून केरबा हाय.

शाळेच्या वळणावर पोटात पहिली कळ आली.

सकाळपासून अडलेलं सगळं पाणी एकदम जागं झालं होतं. केरबानं मांड्या आवळल्या. पाखरीनं तो इशारा समजून पावलं उचलली, तसं दर पावलाला पोटाला हिसका बसू लागला. अंगाला दरदरून घाम फुटला. तोंडात मात्र थेंब नाही, नुसतं लोखंड.

शिवेवर पालखी टेकली आणि पुजारी बिराप्पानं गाऱ्हाणं सुरू केलं. बिराप्पाचं गाऱ्हाणं म्हणजे गावाला धडकी. पावसाला साकडं, टँकरला साकडं, मेंढरांना, द्राक्षबागांना, सरहद्दीवरच्या पोरांना, मग पाव्हण्यारावळ्यांच्या गावांची नावं. "व्हय म्हाराजा," लोक म्हणत होते. केरबाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले.

उतरावं, तर मान गेला. बापाचा मान एका मुतासाठी घालवला, असं गाव जन्मभर म्हणणार. बसावं, तर पांढरी इजार. आणि खाली लगाम धरून उभा असलेल्या ऋषिराजच्या हातातला मोबाईल नेमका त्याच्याकडं रोखलेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याच्या खिशात केरबाची ओली इजार जाऊन बसली असती. थू असल्या म्हातारपणावर, त्याला वाटलं, थू या अंगावर.

तेवढ्यात त्याला पाखरी आठवली. तीही सकाळपासून तुंबलेलीच होती की! त्यानं ओठ आवळले, जीभ टेकवली, फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. फुस्स. पाखरीचा एक कान मागं वळला आणि तसाच राहिला, उरलेल्या शिळेची वाट बघत.

ऋषिराजनं मोबाईलवरून नजर काढून वर बघितलं. आधी केरबाच्या ओठांकडं, मग आवळलेल्या गुडघ्यांकडं, मग तोंडाकडं. केरबानं नजर फिरवली नाही. फिरवायला जागाच नव्हती. आता हा हसणार, त्याला वाटलं.

ऋषिराजनं मोबाईल खिशात घातला. आणि शीळ घातली.

सरळ निघाली, शेवटाला वर वळली. केरबाच्या बापाची शीळ, तंतोतंत, त्या कोरलेल्या दाढीतून.

पाखरीनं सुस्कारा टाकला, मागचे पाय फाकवले, शेपूट उचललं. जन्माच्या सवयीनं केरबा रिकिबीत उभा राहिला; घोडी मुतताना तिच्या कमरेवर भार ठेवायचा नसतो. आणि उभ्या उभ्या त्यानं स्वतःला सोडून दिलं. ऊन ओघळ मांडीवरून गुडघ्याकडं, गुडघ्यावरून बुटात गेला. खाली पाखरीची धार अशी सडसडत होती, की दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. किळस, लाज आणि सुख एकदमच आलं. त्यातलं सुख सगळ्यात मोठं होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"आरं, देवापुढं!" बिराप्पा खेकसला.

"जनावर हाय, पुजारी," ऋषिराज म्हणाला. "गाऱ्हानं आटपा की. तिनं तरी किती धरायचं?"

माणसं खो खो हसली. त्या हशात ऋषिराजनं शेजारच्या बाईच्या काखेतली घागर घेतली. "सरा मागं, धुतो," म्हणत त्यानं पाखरीच्या कुशीवर पाणी ओतलं, आणि ओतता ओतता केरबाच्या कमरेपासून बुटापर्यंत. सगळं ओलं, सगळं एकसारखं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मानकऱ्याला आंगुळ घातलीस की गड्या!"

"उन्हाचं बरं असतंय," ऋषिराज म्हणाला.

देव देवळात बसला आणि मगच केरबाचा पाय जमिनीला लागला. लोकांनी सोनं दिलं, पाया पडले. आपट्याची पानं हातात धरून तो उभा होता आणि बुटात पाणी पचपचत होतं.

ऋषिराज जवळ आला. त्यानंही पाया पडून सोनं दिलं. हळूच म्हणाला, "नाना, फुडल्या सालीबी तुमीच बसा. शीळ मी घालतो की."

दया! केरबाला थुंकावंसं वाटलं. पण थुंकायलाही तोंडात काही नव्हतं.

"कुनी शिकवली तुला?"

"कुनी शिकवायची? ल्हानपनापासनं भितीपल्याडनं ऐकतोय. येतीच की."

भिंतीपलीकडं कुणी ऐकत असेल, हे केरबाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरी त्यानं इजार काढून न्हाणीच्या दगडावर टाकली. हरणाबाईनं ती उचलली. गेल्या काही महिन्यांत तिनं काय काय धुतलं होतं, तिला सांगायची गरज नव्हती.

"घोडीनं भिजवलं," केरबा म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली आणि साबण जरा जास्तच लावला. "लय शानी हाय वं तुमची घोडी."

धुणं वाळत घालून झाल्यावर केरबा म्हणाला, "पाखरीला पल्याड बांधाय सांग त्याला. खोगीरबी घिऊन जा म्हनावं. मान त्याचा."

"आवं, पाय तर लागला न्हाई तुमचा."

"न लागताच देतोय. लागल्यावर कुनीबी दील."

हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. भिंतीपाशी जाऊन तिनं ऋषिराजला हाक मारली. त्यानं पाखरी नेली, खोगीर नेलं. लगाम तेवढा केरबानं ठेवून घेतला. "तो धुवून देतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. हरणाबाईनं तळहातावर पाण्याची गोळी ठेवली, एकच, आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. केरबानं गिळली. लोखंडाची चव जिभेवर पसरली तसं त्यानं तोंड वाकडं केलं, शिवी हासडली, आणि मोकळ्या गोठ्यात जाऊन बसला.

पलीकडून शीळ आली. केरबाचे ओठ आपोआप गोळा झाले, पण नुसती हवा गेली. भिंतीआड पाखरीची धार सुरू झाली. तिनं धन्याची वाट बघितली नव्हती. केरबानं धार थांबेपर्यंत कान देऊन ऐकलं, बरोबर झालं की नाही म्हणून. बरोबर झालं होतं.

"नाना, लगाम द्या की," ऋषिराज भिंतीवरून म्हणाला. "फिरवून आनतो तिला."

"थांब जरा."

केरबानं खुंटीवरचा लगाम काढला. लोखंड गार पडलं होतं. जन्मभर तो असाच काढायचा आणि तसाच पाखरीच्या जबड्यात घालायचा. ती तोंड वाकडं करायची, तेव्हा तिला शिव्या द्यायचा. आज त्यानं ते लोखंड सदऱ्याच्या आत, काखेत धरलं आणि भिंतीपाशी उभा राहिला.

"काय करताय वं?"

"गार घालू नगंस तिच्या तोंडात," केरबा म्हणाला. "लय वंगाळ लागतंय."

ऋषिराज हात पुढं करून थांबला. लोखंड ऊन होईपर्यंत केरबानं ते दिलं नाही.