टायटॅनिकवरचा चंद्र

टायटॅनिक बुडाली त्या रात्री आकाशात चंद्र नव्हता. मी वाचनालयातून तीन पुस्तकं आणून वाचली होती. समुद्र शांत, आभाळ स्वच्छ, चांदण्या भरपूर, चंद्र नाही. म्हणून मी चित्रात चंद्र काढला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक त्या चंद्रावरून मलाच हसले.

आमचा धंदा पाट्या रंगवण्याचा. बाबा पेंटर, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी त्यांची मुलगी, वय सत्तेचाळीस, आणि गेली अकरा वर्षं दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक पाटी माझ्या हातची आहे. बाबांचा हात थरथरतो. इतका, की त्यांना चहा अर्धा कपच द्यायचा, नाहीतर थोडा बशीत आणि बाकी सगळा शर्टावर. पण गिऱ्हाईक आलं की स्वारी खुर्चीतून उठते, कानावर ब्रश खोचते आणि म्हणते, "मंगळवारी या, करून ठेवतो." करणारी मी. खाली कोपऱ्यात सही मात्र त्यांची, आणि तीही मीच काढते, हुबेहूब.

शिवाय खरवडण्याचं काम असतं. दुकानाचा मालक बदलला की जुनी पाटी आमच्याकडे येते. जुन्या नावावर नुसता रंग फासून भागत नाही. अक्षरांना जाडी असते, वर कितीही रंग मारा, तिरप्या उजेडात ती खालून दिसतातच. आधी ती खरवडून काढावी लागतात. त्यासाठी बाबांनी करवतीचं तुटकं पातं घासून एक खरवडणी बनवली आहे. तेराव्या वर्षी मी दुकानात आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला नाही, ती खरवडणी दिली. "आधी पुसायला शीक, मग लिहायचं बघू," म्हणाले. मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं.

तर, बंदरावरच्या निवृत्त खलाशांच्या मंडळाने नवा हॉल बांधला. त्यांचे सेक्रेटरी दुकानात आले.

"मास्तर, समोरची भिंत मोकळी आहे. टायटॅनिक पाहिजे. रात्रीची, बुडताना."

"अहो, खलाशांच्या हॉलमध्ये बुडतं जहाज?" मला राहवलं नाही.

"आपण धडधाकट घरी आलो, हे रोज आठवावं म्हणून," ते म्हणाले, आणि बाबांकडे वळून, "करणार ना, मास्तर?"

"काढतो," बाबा म्हणाले.

सेक्रेटरी गेल्यावर मी कॅनव्हासचं माप लिहायला घेतलं. तेव्हा बाबाच म्हणाले, "ह्यावर तुझं नाव घाल."

मी मागितलं नव्हतं. देवाशपथ सांगते, एका शब्दानेही नाही.

"माझी सही पुरे झाली आता," ते म्हणाले. "मी असेपर्यंत लोकांना कळू दे कोण काढतं ते."

चार महिने मी त्या चित्रावर जीव टाकला. आठ फूट बाय पाच. रात्रीसाठी ट्यूबमधला काळा एक थेंबही वापरला नाही, निळा आणि तपकिरी कालवून काळोख केला. तिरकं झालेलं जहाज, वर आलेली त्याची मागची बाजू, शेवटपर्यंत जळत राहिलेले खिडक्यांचे दिवे, होड्यांमधली वळून बघणारी माणसं. बाबा मागे खुर्ची टाकून बसायचे आणि टकळी चालू.

"समुद्र आहे तो. डांबर ओतल्यासारखा काय करतेस?"

"बरं."

"आणि चंद्र टाक. चंद्राशिवाय रात्र दिसायची कशी?"

"नव्हता, बाबा."

"तू होतीस का बघायला?"

असं आमचं चालायचं. मजा यायची, खोटं कशाला बोलू? शेवटच्या दिवशी उजव्या कोपऱ्यात, पाण्यावर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत मी माझं नाव लिहिलं. सलूनवाल्यांची, वकिलांची, दातांच्या डॉक्टरांची नावं मी झोपेतही लिहीन. स्वतःचं लिहिताना मात्र पहिल्याच अक्षराला हात अडला. बाबांनी चष्मा पुसून जवळून बघितलं. "छान आलंय," म्हणाले. त्या दिवशी मी वेड्यासारखी खूश होते.

चित्र तीन आठवडे सुकत ठेवलं. त्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून चार दिवस तिच्याकडे गेले. परत आले ती थेट उद्घाटनाच्या दिवशी सकाळी. दुकानातली भिंत रिकामी.

"टेम्पो मिळाला, धाडून दिलं," बाबा म्हणाले. मी स्वतः गुंडाळून नेणार होते, म्हणून थोडी चिडचिड केली. ते पेपर वाचत राहिले.

हॉल भरला होता. सेक्रेटरींनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि माझे हात टाळ्या वाजवता वाजवता तसेच राहिले. वर आभाळात थाळीएवढा चंद्र! त्याच्या उजेडाचा पिवळट पट्टा पाण्यावरून खाली उतरत थेट उजव्या कोपऱ्यापर्यंत आला होता. माझ्या नावावरून. डाव्या कोपऱ्यात बाबांची सही होती. ती त्यांनी स्वतः केली होती, कारण माझ्या हातून इतकी वेडीवाकडी आली नसती.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग वाटलं, म्हातारा माणूस. आपला एकही हात न लागता चित्र घराबाहेर चाललंय हे सोसवलं नसेल. आणि रंग ताजा होता, खालचं माझं नाव पक्कं सुकलेलं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की वरचं निघून येईल. जरा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले म्हातारे कप्तान काठी टेकत उठले.

"मास्तर, काम फर्स्ट क्लास! पण त्या रात्री चंद्र नव्हता हो. असता तर हिमनग लांबूनच नसता का दिसला? हा कुणी घुसडला?"

सगळा हॉल बाबांकडे बघायला लागला. मीही. बाबा हसले.

"आमच्या लेकीची हौस. एवढं चित्र मी काढलं, म्हटलं तिचाही हात लागू दे कुठेतरी. चंद्र काढते म्हणाली. मन मोडवेना."

हॉल खदखदून हसला. कप्तानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या! "असू दे गं पोरी," म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, उद्या येऊन तेवढा पुसून टाका हं."

तोंड उघडलं असतं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस भर सभेत उघडा पडला असता. नाही पाडला. माझीच चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी, चिंध्या आणि टर्पेंटाइन घेऊन हॉलवर गेले. चंद्र सहज निघाला. खालून माझ्या चांदण्या जशाच्या तशा वर आल्या. मग पट्ट्यावरून खाली खाली येत कोपऱ्यापर्यंत पोचले आणि तिथे हात हळू केला. नाव पुसलं जायला नको.

नाव नव्हतंच. त्या जागी उघडा कॅनव्हास होता. अक्षर न् अक्षर खरवडून काढलं होतं, काना, मात्रा, वेलांटी, काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पत्र्यावर खरवडणं सोपं असतं. कॅनव्हासवर पातं जरा हललं तर कापड फाटतं. इथे एक धागा उसवला नव्हता. अक्षरांच्या बाहेर समुद्राला ओरखडा नव्हता. दोन दिवस तरी लागले असतील. हात थरथरतो म्हणे!

मी निळा आणि तपकिरी कालवला, त्या जागेवर पाणी भरलं आणि घरी आले.

"निघाला का चंद्र?" बाबांनी विचारलं.

"निघाला."

"सगळा?"

"सगळा. खाली काही नव्हतं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा चहा टाक."

मी चहा केला. कप काठोकाठ भरला, त्यांच्या हातात दिला आणि समोर बसून राहिले.