ब्रेककाकांच्या पायाला मुंग्या

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा खरा ऐवज म्हणजे त्याचा पाय. तोंड काय, कुणीही चालवतो. "क्लच सोडा, हळू, अहो हळू" हे फुटपाथवर उभा असलेला रिकामटेकडाही सांगेल. पण शिकवणाऱ्याच्या सीटपुढे जो दुसरा ब्रेक बसवलेला असतो, तो नेमक्या क्षणी आणि नेमका तेवढाच दाबणं, हे पायाचं काम. आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांचा पाय या कामात सव्वीस वर्षं मुरलेला होता. शिकाऊ मंडळी तोंडावर त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे ब्रेककाका. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरातला ब्रेक मात्र काकूंच्या पायाखाली होता. घर पक्कं शाकाहारी, अगदी आजेसासऱ्यांपासून. काकूंना त्याचा अभिमान होता आणि स्वतःच्या स्वयंपाकाचा त्याहून जास्त. ताटात डाळ, एक पालेभाजी, एक भिजवलेलं कडधान्य, कोशिंबीर आणि दही नसेल, तर त्यांना ते ताट उघडंबोडकं वाटे. "हे सगळं पोटात गेल्यावर माणसाला वरून गोळ्या लागत असतील, तर दोष गोळ्या विकणाऱ्याचा," असं त्यांचं मत होतं.

आणि गोळ्या विकणारा घरातलाच होता. काकूंचा धाकटा भाऊ पोषणाच्या पावडरींचे आणि गोळ्यांचे डबे विकायचा. तो स्वतः केव्हाच सगळं खायला लागला होता आणि वर रोज तीन डब्यांमधलं काही ना काही घ्यायचा. बहिणीकडे जेवायला आला की पोटभर जेवून, हात पुसत म्हणायचा, "ताई, तुझ्या डाळीत आहे काय? पाणी आणि प्रेम."

"आणि तुझ्या डब्यात? पीठ आणि जाहिरात," काकू म्हणायच्या.

ब्रेककाका या वादात कधी पडले नाहीत. समोर येईल ते खावं आणि गप्प बसावं, या धोरणावर त्यांचा संसार नीट चालला होता.

तर त्या वर्षी काकांच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. आधी बसून बसून येतात तशा. मग बसताक्षणी, आणि उठून चालतानाही. तळव्याखाली कुणी कापसाची गादी घातली आहे, असं वाटायचं. काकांनी आधी बुटांना दोष दिला आणि नवे बूट घेतले. मग मोज्यांना दिला. मग गॅरेजमधल्या मिस्त्रीला सांगून ब्रेकच्या पेडलचं रबर बदलून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "सर, रबर तर नव्यासारखंच आहे." काका म्हणाले, "तुला काय कळतंय," आणि मग दिवसभर त्यांना त्याचं वाईट वाटत राहिलं. कारण ते कुणाला असं बोलत नसत. हल्ली चिडचिड वाढली होती. शब्दही सापडत नसत. एका शिकाऊला वळणावर त्यांनी तीनदा "वायपर दे, वायपर दे" असं सांगितलं. त्या बिचाऱ्याने लख्ख उन्हात वायपर चालू केला. काकांना इंडिकेटर म्हणायचं होतं.

त्यांच्याकडे तेव्हा एक बाई शिकायला येत होत्या. इस्पितळात आहारतज्ज्ञ. वय पंचेचाळीस, कामात चोख, पण स्टिअरिंग हातात आलं की तोंडचं पाणी पळायचं. परीक्षेत दोनदा नापास. गाडी इतकी हळू चालवायच्या, की एकदा मुलाची बाबागाडी ढकलत जाणाऱ्या बापाने त्यांना ओलांडलं होतं आणि वर सहानुभूतीने मान हलवली होती.

एका सकाळी काका या मॅडमना रिव्हर्स शिकवत होते. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा एक हिरवा डबा होता. गाडी त्याच्याकडे सरकू लागली. काका म्हणाले, "थांबा." मॅडमनी घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. काकांनी ब्रेक दाबला. निदान त्यांना तसं वाटलं. पण धाडकन आवाज आला, डबा आडवा झाला आणि केळ्यांची सालं रस्त्यावर पसरली. काकांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय पेडलच्या चार बोटं बाजूला गाडीच्या फरशीवर होता आणि जीव खाऊन फरशी दाबत होता.

मॅडमनीही खाली पाहिलं. "सर, तुम्ही ब्रेक दाबला नाहीत?"

"मुद्दाम नाही दाबला," काका म्हणाले. "चुकीतून माणूस शिकतो."

मॅडमनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडे वळून बसल्या. तोंडचं पाणी आता जागेवर आलं होतं, कारण प्रांत त्यांचा होता. "पाय बधिर होतो का? किती दिवसांपासून? दोन्ही?"

काकांनी आधी उडवाउडवी केली. मग सालं गोळा करता करता सगळं सांगितलं. तेवढ्या वेळात मॅडमनी आणखी चार गोष्टी काढून घेतल्या. काका ॲसिडिटीची गोळी रोज घेत, आठ वर्षं झाली. दूध पचत नाही म्हणून सोडलेलं, चहासुद्धा काळा. दही थंड पडतं म्हणून वाटी लेकीकडे सरकवायची.

"रक्त तपासून घ्या," मॅडम म्हणाल्या. "उद्याच. तोवर शिकवणं बंद. डबा होता म्हणून निभावलं, सर."

हे शेवटचं वाक्य काकांना फार लागलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला ओरखडा काढला नव्हता. त्यांनी मुकाट्याने तपासणी केली. नसांना लागणारं बी ट्वेल्व्ह जीवनसत्त्व हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी निघालं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं आणि मग गोळ्या लिहून दिल्या, ॲसिडिटीची गोळी हळूहळू बंद करायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाय तपासून मगच शिकवायची परवानगी दिली. तोवर काकांनी गाडीचं सर्व्हिसिंग काढलं, असं घरी सांगितलं. गोळ्यांची पाकिटं त्यांनी गाडीच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदांमागे ठेवली.

ती जागा बरी होती, पण काकूंना गाडीत बसलं की पुसायला फडकं लागतं. रविवारी सर्व्हिसिंग कसं झालं ते बघायला त्या लेकीला घेऊन दारात उभ्या गाडीत काकांशेजारी येऊन बसल्या, म्हणाल्या, "या काचेवर किती धूळ," आणि कप्पा उघडला.

इन्शुरन्सच्या कागदांमागून गोळ्यांची पाकिटं निघाली. काकूंनी पाकिटावरचं सगळं वाचलं, घटकांसकट.

"म्हणजे माझ्या हातचं कमी पडलं," त्या म्हणाल्या.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तीस वर्षं जेवलात आणि आता लपून गोळ्या खाता."

काकांना वाटलं, लपून दारू प्यायलो असतो तर एवढं बोलली नसती. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, बाबांचं बी ट्वेल्व्ह कमी असेल."

"तू गप्प बैस. तुला काय कमी आहे ते मी बघते."

पुढचे तीन दिवस काकू भांडल्या नाहीत, ते जास्त भयंकर होतं. त्या फक्त वाढत राहिल्या. ताटात पाचऐवजी सात पदार्थ आले. प्रत्येक वाटी ठेवताना त्या शांतपणे तिचा परिचय करून देत. "हा पालक, लोहासाठी. हे तीळ, हाडांसाठी. हे मोड आलेले मूग, जे नसेल ते सगळं भरून काढण्यासाठी." काका सगळं संपवत. पोटाला तडस लागायची, पण पायाखालची गादी तशीच होती.

बातमी मेहुण्याला लागली आणि चौथ्या दिवशी तो सात डबे घेऊन हजर झाला. "भाऊजी, मी म्हणत नव्हतो?" त्याने ते टेबलावर उतरंडीसारखे रचले. एक प्रोटीनचा, एक हाडांचा, एक केसांचा, एक स्मरणशक्तीचा. "हा ताईसाठी, हा भाचीसाठी. शाकाहारी घराला हे सगळं लागतंच."

काकूंनी डब्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्या त्या मॅडम कोण? मला त्यांना भेटायचंय."

एव्हाना काकांना परवानगी मिळाली होती, पण फक्त मोकळ्या रस्त्यावर. पुढच्या शिकवणीला काकू मागच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, सरकारी तपासणीला आल्यासारख्या. मॅडमनी गाडी सुरू केली.

"मला एकच सांगा," काकू म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकात नेमकं काय कमी आहे?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या आणि दुसरा गिअर टाकला. "सर सांगतात ते तुमचं ताट मी पेशंटना चित्र काढून दाखवीन असं आहे. पण बी ट्वेल्व्ह भाजीत नसतंच. पालकात नाही, डाळीत नाही, मुगात नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून, दह्यातून मिळतं. सरांनी दोन्ही सोडलं. वर ॲसिडिटीच्या गोळीने जे थोडं मिळत होतं, तेही अंगी लागेना."

"दही सोडलं?" काकूंचा आवाज बदलला. "मी रोज वाटी भरून वाढते."

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"मग ती वाटी जाते कुठे?"

"पुढे चौक आहे," काका म्हणाले.

"दिसतोय," मॅडम म्हणाल्या. आरशात पाहून, इंडिकेटर देऊन त्यांनी गाडी अशी वळवली की काकांचा पाय जागचा हललासुद्धा नाही. काकांनी श्वास रोखून धरला. दोन महिन्यांत या बाईंनी एकही वळण न अडखळता घेतलं नव्हतं.

"पण मग अख्ख्या घराला गोळ्या लागतात का?" काकू पुढे झुकल्या. "माझा भाऊ सात डबे ठेवून गेलाय."

"घराला नाही लागत, माणसाला लागतात. ज्याचं जे कमी, ते. दूधदुभतंही न खाणाऱ्यांना बी ट्वेल्व्ह घ्यावंच लागतं, त्यात चर्चा नाही. बाकीच्यांनी आधी तपासावं. न तपासता डबे रिचवणं म्हणजे टाकीत पेट्रोल किती आहे ते न बघता ओतत सुटणं." असं म्हणत मॅडमनी एक ट्रक आणि दोन सायकली ओलांडल्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. काका मात्र ते दृश्य डोळे भरून बघत होते. त्यांनी बायकोला हळूच खूण केली, की भांडत राहा. काकूंना तशी खुणेची गरज नव्हती.

घरी येऊन काकूंनी फर्मान काढलं. सगळ्यांचं रक्त तपासायचं, आणि डबेवाल्याचंही. मेहुणा म्हणाला, "माझं कशाला, मी तर सगळं खातो." काकू म्हणाल्या, "म्हणूनच."

रिपोर्ट आले, तेव्हा काकूंनी चष्मा लावून ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. त्यांचं स्वतःचं सगळं व्यवस्थित होतं. दोन वेळा दही आणि झोपताना पेलाभर दूध, हा त्यांचा नेम होता. हे वाचताना त्या थांबल्या आणि सगळ्यांनी नीट ऐकलं ना, याची खात्री करून घेतली. मग लेकीच्या कागदावर त्यांचा आवाज उतरला. लोह बरंच कमी होतं. पोरगी जिना चढताना धापा टाकायची, ते त्यांनी आळसावर घातलं होतं. तिला तीन महिने गोळ्या, जेवणावर लगेच चहा बंद, कारण तो लोह अंगी लागू देत नाही, आणि पालेभाजीवर लिंबू. "चहा मीच करून देत होते," काकू म्हणाल्या आणि थोडा वेळ कागदाची घडी घालत बसल्या. लेकीने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "आई, चहा चांगला असायचा."

राहता राहिला मेहुणा. त्याचं बी ट्वेल्व्ह भरपूर होतं आणि लोहही. डी जीवनसत्त्व मात्र तळाला गेलं होतं. सात डब्यांमध्ये ते नव्हतंच असं नाही, पण तो जे तीन घ्यायचा त्यांत नव्हतं. आणि दिवसभर पडदे ओढून, फोनवर इतरांना आरोग्य विकत बसल्यामुळे ऊन त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं.

"म्हणजे सगळं खाऊनही?" तो म्हणाला.

"सगळं खाऊनही," काकू म्हणाल्या, आणि त्याला वाढू लागल्या. त्या जिंकल्या होत्या असं म्हणता येत नव्हतं, पण हरल्याही नव्हत्या. सातातले सहा डबे त्यांनी परत पाठवले. सातवा उघडला गेला होता. लेकीने चव बघितली होती आणि ती चॉकलेटची होती.

त्या दिवसापासून काकांची गोळी जेवणाच्या ताटातच येऊ लागली, कोशिंबिरीच्या शेजारी, छोट्या वाटीत. दह्याची वाटी संपेपर्यंत काकू समोरून हलत नसत.

मॅडम तिसऱ्यांदा परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. परीक्षक तोंड उघडेना, त्या शांततेत त्यांची गाडी पुन्हा गोगलगाय झाली. चौथ्या वेळी काकूंनी सल्ला दिला, की बसल्या बसल्या त्याला विचारा, नाश्त्याला काय खाता. परीक्षकाचं पोट बरेच दिवस बिघडलेलं होतं. तो पार्किंगपर्यंत बोलत राहिला आणि मॅडम उत्तरं देत देत पास झाल्या.

त्या वेळी काका मैदानाच्या कडेला उभे होते. उपचार सुरू होऊन चार महिने झाले होते. मॅडमची गाडी परत येताना पाहून ते दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. तळव्याखाली काहीतरी टोचत होतं. त्यांनी पाय उचलला, परत टेकवला. परत टोचलं. त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"बुटात खडा गेलाय."

"मग काढा की. त्यासाठी मला फोन?"

"काढतो," काका म्हणाले. "जरा वेळाने काढतो." आणि मैदानात, त्या खड्यावर मुद्दाम भार देत, ते मॅडमचं अभिनंदन करायला चालू लागले.