पट्ट्यावरचा आग्रह

मुकुटबनच्या बेबीताई वाढायला उभ्या राहिल्या की नवरदेवाचा रुसलेला मामासुद्धा तिसरी पुरणपोळी घेऊन मगच उठायचा, असा एक काळ होता. पुढे गावात बुफे आला, माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहू लागली आणि बेबीताईंना कुणी विचारीना. त्यात भाची सुरभी वणीत जपानी जेवणाचं हॉटेल काढतेय आणि तिथे फिरत्या पट्ट्यावरून जेवण येतं, वाढायला माणूसच लागत नाही, हे कानावर आलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी उद्घाटनाला गेल्या. आत्याच ती, गेल्याशिवाय राहते कुठे?

सुरभी तीन वर्षं पुण्यात एका जपानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबली होती. परत येऊन तिने वडिलांच्या चंद्रपूर रोडवरच्या रिकाम्या हॉलमध्ये हा संसार मांडला. पट्टा नजीर मिस्त्रीने बसवून दिला. राजूरच्या खाणीत कोळसा वाहणारे पट्टे दुरुस्त करण्यात ज्याचा अर्धा जन्म गेला, त्याला चार ताटल्या काय जड? भाताच्या गुंडाळ्या, त्यांना समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा, आत काकडी, गाजर नाहीतर उकडलेलं अंडं. याला म्हणायचं सुशी. कोणतीही ताटली तीस रुपयांना, कारण कापूस विकायला आलेल्या माणसालाही इथे बसता यावं, असा पोरीचा हट्ट.

वडिलांचा, म्हणजे सदाशिवरावांचाही हट्ट होताच. गावची चाळीस माणसं बोलावतो, ती जेवली तर हॉटेल तुझं, नाहीतर हॉल फवारणी पंपांच्या दुकानाला, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. पंपवाला लखीराम चावी न्यायला दाराजवळ खुर्ची टाकून बसलाही होता.

पट्टा सुरू झाला. ताटल्या डुलत डुलत चाळीस जणांच्या नाकाखालून गेल्या आणि तशाच परत आल्या. दुसरा फेरा झाला, तिसरा झाला. सुरभीने सगळ्यांना समजावून सांगितलं की जे आवडेल ते आपल्या हाताने उचलायचं. माना डोलल्या, हात मांडीवरच राहिले. विमलताई म्हणाल्या, घरून खाऊनच निघालो. त्यांच्या शेजारणीचंही पोट भरलेलं होतं. उकडलेली अंडी सुकायला लागली. सदाशिवराव घड्याळाकडे बघत होते.

"आत्या, त्यायले आवडलं नाही वाटते," सुरभी जवळ येऊन हळूच म्हणाली.

"चाखलंच कुठी त्यायनं, पोरी?"

हे बोलताना बेबीताईंच्या लक्षात आलं की आपल्याही पोटात कावळे ओरडताहेत आणि आपलाही हात मांडीवरच आहे. काहून? कारण कुणी 'घ्या' म्हटलेलंच नाही. आपल्याकडे भुकेने जीव गेला तरी कुणी म्हटल्याशिवाय माणूस हात लावत नाही. म्हटलं तरी दोनदा 'नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटात पडलं की मुकाट जेवायचं. पट्टा बिचारा एकदाही 'घ्या' म्हणत नव्हता. पोरीने सगळं केलं आणि यजमान ठेवायला विसरली.

बेबीताई पदर खोचून उठल्या. पट्ट्यावरून ताटली उचलून त्यांनी थेट मळणीयंत्रवाल्या इंद्रजीतपुढे ठेवली.

"घ्या ना, भाऊ."

"नाही बाप्पा बेबीताई, पोट टम्म हाय."

"माह्या भाचीच्या दारातून उपाशी जाता? मंग मले बी आजपासून तुमच्या घरचं पाणी नको."

इंद्रजीतने एक गुंडाळी तोंडात टाकली. ताटलीतली जपानी हिरवी चटणीही त्याने ठेचा समजून एका दमात खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं, पण वऱ्हाडी माणूस तिखटापुढे हार मानत नसतो. त्याने दुसरी ताटली मागितली. ते पाहून समोरच्याला चेव आला. बेबीताई पट्ट्याच्या कडेकडेने चालत होत्या, एकीला शपथ घालत होत्या, दुसऱ्याला चिडवत होत्या, विमलताईंपुढे न विचारता दोन ताटल्या ठेवत होत्या. गेल्या दहा वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने तर माणसं एकमेकांनाच वाढू लागली. रिकाम्या ताटल्यांचे ढीग लागले, नजीरने पट्ट्याचा वेग वाढवला आणि सुरभीने दुसऱ्यांदा भात टाकला.

लखीराम उठून सदाशिवरावांपाशी आला आणि चावीचं काय म्हणून विचारू लागला. सदाशिवरावांनी घरात कधी कुणाला पाण्याचा ग्लासही दिला नव्हता. त्यांनी पट्ट्यापाशी जाऊन एक ताटली उचलली आणि लखीरामपुढे धरली.

"चावीचं राहू द्या. माह्या पोरीच्या हॉटेलातून उपाशी जाता काय?"

लखीराम दोनदा नको म्हणाला. मग ताटली त्याच्या हातात होती.

स्वयंपाकघराच्या काचेमागे सुरभी हातातला भात तसाच धरून रडत होती आणि हसतही होती. "आत्या, तू जेव ना आता," ती तिथूनच म्हणाली. पण बेबीताईंनी तोवर पट्ट्यावरची ताटली आपल्या हाताने उचलून खायला सुरुवातही केली होती. घरच्या माणसाला कुणी 'घ्या' म्हणायची वाट पाहावी लागत नाही.