गंधकाच्या गावी

पोत्सुओलीला पोचलो त्या संध्याकाळी श्रीनिवासने नेहमीसारखं खोलीचं दार अडवलं. चौकटीला आडवा हात लावला, भुवया उंचावल्या. "नाव घे, वरदा. मगच आत."

लीड्सला हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये आम्ही संसार मांडला, तेव्हा दार अडवायला नणंद नव्हती. म्हणून यानेच अडवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नव्या गावी, प्रत्येक नव्या दारात हा खेळ. मागे खोलीची मालकीणबाई टॉवेल घेऊन ताटकळत उभी. मी म्हटलं,

"निळ्या पाण्यावर मांडली दिव्यांची आरास,
पन्नाशी उलटली तरी दार अडवतो श्रीनिवास."

"पन्नाशी काढायची काय गरज होती?" म्हणत त्याने हात काढला. मालकीणबाईला एक शब्दही कळला नाही, तरी ती हसली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने बजावलं: नेपल्सच्या या बाजूला गावाखाली आग आहे. जमीन वर येते, मधूनच हलते. "थोडं हललं तर कॉफी संपवा. जास्त हललं तर बाहेर पळा."

खिडकीतून नासक्या अंड्यांसारखा भपकारा आला. टेकडीवरचं गंधक. मी खिडकी लावली.

"राहू दे ना," श्रीनिवास म्हणाला. "वारा छान येतोय."

सकाळी बंदरावर गेलो. होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. समुद्र कुठे गेला नव्हता, तळच वर आला होता. म्हातारे कोळी काठावर बसून होड्यांकडे पाहत होते, आजारी गुरांकडे पाहावं तसे.

काठावरच्या कॅफेत कॉफी आली, आणि श्रीनिवासच्या हातातला चमचा बशीवर किणकिणू लागला.

"भूकंप!" तो हसला. "थोडासाच. संपव कॉफी."

मी टेबल घट्ट धरलं. शेजारच्या टेबलावर ग्लासातलं पाणी आरशासारखं स्वस्थ होतं. श्रीनिवासचा उजवा हात हळूच टेबलाखाली गेला.

श्रीनिवास डोळ्यांचा सर्जन. केसाहून बारीक टाके घालणारा. परतल्यावर सोमवारी त्याची ऑपरेशनची लिस्ट होती. लीड्समधली कितीतरी माणसं त्या हाताच्या भरवशावर दिवस मोजत होती. मी जीपी, फॅमिली डॉक्टर. टेबलाखाली जाणारे हात मी रोज पाहते. तरी मनाला सांगितलं, जमीनच होती ती. आपल्याच टेबलाखालची, तेवढीच. आणि मनातल्या मनात विनवलं: हल गं भुई, हल गं माय, जरा अजून हल. माझ्या माणसाचं खोटं तुझ्या पोटात घाल.

भुई हलली नाही.

पुढे रोमन काळातला बाजार. ओट्यांच्या मधोमध तीन उंच खांब, आणि त्यांच्यावर, आपल्या डोक्याहून बऱ्याच उंचीवर, बारीक भोकांचा काळपट पट्टा. श्रीनिवासने पाटी वाचली. खांब समुद्रात बुडाले होते. तेव्हा शिंपल्यांनी त्यांना पोखरलं, मग जमिनीने त्यांना पुन्हा वर आणलं. "विचार कर," तो म्हणाला, "एवढे पोखरले, तरी उभे आहेत!"

वारा फिरला. सहलीला आलेली शाळेची पोरं नाकं दाबून किंचाळू लागली. वास माझ्या घशात उतरला. श्रीनिवासने छाती भरून श्वास घेतला.

"काय हवा आहे! लीड्सला मिळेल का अशी?"

"कशी?"

"फ्रेश, अगं. समुद्राची."

हात थरथरतो म्हणून कोणी माझ्याकडे आलं, तर मी विचारते, कॉफीचा वास येतो का हल्ली? कंपवातात वास पुष्कळदा आधी जातो, आवाज न करता. थरथर मागून येते.

तो पुढे चालू लागला. डावा हात चालीबरोबर झुलत होता. उजवा अंगाला चिकटून होता, परक्याचा असावा तसा.

दुपारी खरोखरच हललं. खालून घुमल्यासारखं झालं, कपाटाची दारं उघडली, आणि अख्खी गल्ली जिन्यांवरून रस्त्यावर आली. श्रीनिवासने मला ओढत बाहेर काढलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळं थांबलं. माणसं एकमेकांना शिव्या घालत हसू लागली. कोणीतरी अर्धवट सोडलेला सिगारेटचा झुरका पुरा केला.

त्याच्या हाताखाली माझा खांदा मात्र हलतच राहिला.

वर आलो, तर हा माझ्या आधी दारात. डावा हात चौकटीला, उजवा खिशात. "चला, बाईसाहेब. जिवंत परत आलात, नाव घ्या." आवाज जरा जास्तच हसरा.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"अख्ख्या गावाच्या नाकात गंधकाचा वास,
ज्याला तो येतच नाही, तो माझा श्रीनिवास."

चौकटीवरचा हात खाली आला. तो पलंगावर जाऊन बसला.

"काम करताना थरथर थांबते गं," तो म्हणाला. "आय स्वेअर. टाका घालताना हात दगडासारखा असतो. नुसता बसलो की..."

"आज थांबते. उद्या?"

"एवढी लिस्ट करू दे. मग सांगतो सगळ्यांना."

"सोमवारी त्या टेबलावर आपली आर्या असती तर?"

लेकीचं नाव काढल्यावर त्याने मान खाली घातली. मग खिडकीकडे बघत लहान मुलासारखं विचारलं, "खरंच वास येतोय?"

"नासक्या अंड्यांचा. आल्यापासून."

"मला वाटलं, तुला थंडी वाजते म्हणून खिडकी लावतेस."

त्याने खिशातून हात काढला, सोबत फोनही. हात मांडीवर ठेवला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहिले, न दिसणारी वात वळत असल्यासारखे. आता त्याने तो लपवला नाही. "डिपार्टमेंटला लाव," म्हणाला. "तूच लाव. मी बोलतो."

मी नंबर लावला आणि फोन आमच्या मधे ठेवला. दूर लीड्समध्ये घंटी वाजू लागली.

खोलीत काहीतरी हललं. आम्ही दोघांनीही आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग वर. छताचा दिवा झुलत होता. कोणीच उठलं नाही. पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणालं.