म्हातारीच्या तोंडातलं ऊन

पावसाळी ओल सरली आणि ऊन कडक झालं, की जपानातल्या हिदाच्या डोंगरातली घरं पोट मोकळं करतात. पेटीतले किमोनो, जुनी कागदपत्रं, सगळं वाऱ्याला लागतं. तोमेआजीच्या घरी त्या दिवशी मधल्या चटईचा मान मात्र एकट्या चित्रांच्या पोथीला. सासऱ्यांच्या आजोबांच्या काळात एक चित्रकार बर्फात अडकला, हिवाळाभर याच घरात जेवला आणि खाल्ल्या अन्नाला जागून अख्खं गाव रंगवून गेला. कोळसा पाडणारे, रेशमाचे किडे पोसणाऱ्या बाया, दोराच्या पाळण्यातून नदी ओलांडणारी माणसं. तोमेचं अक्षरांशी कधी जमलं नाही, पण पोथीतला एकेक बैल ती खोडीसकट ओळखायची.

शेजारची इने दरवर्षी न बोलावता यायची. चुलीपाशी तोंड उघडं टाकून झोपलेली जी बाई पोथीत होती, ती तिची खापरपणजी.

"आलीस? ये, तुझी म्हातारी अजून घोरतेय."

"घोरेल नाही तर काय! तुमच्या घरात राबून बिचारीला तेवढीच पाठ टेकायला मिळाली."

इनेने आणलेलं लाल सलगमचं लोणचं तोमेने चाखलं. "मीठ महागलं का गं?"

"मीठ आहे तेवढंच आहे. जीभ म्हातारी झालीय तुझी."

मग नेहमीची गंमत. कसरीने त्या बाईच्या नेमकं तोंडातच भोक पाडलं होतं. पान दाराकडे धरलं, की त्यातून उन्हाचा थेंब चटईवर पडायचा. दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासून त्याला हसत आल्या होत्या.

तोमेने पान उचलून धरलं. चटईवर काहीच पडलं नाही.

तिने बोट फिरवलं. गुळगुळीत. भोकाच्या जागी काळा ठिपका, छापलेला. नाकाशी धरलं, तर चुलीच्या धुराऐवजी नव्या चपलांच्या खोक्याचा वास. दारात जवाच्या चहाचं तबक घेऊन उभा असलेला तिचा लेक शिगेओ मान वर करीना.

"ढग आला वाटतं," तोमे म्हणाली.

अंगणात डोळे मिटावेत असं ऊन होतं. इनेने ते पाहिलं.

"हो गं. मेल्याला आत्ताच यायचं होतं," म्हणाली, आणि चहा न पिताच उठली.

"कुठंय?" ती दिसेनाशी झाल्यावर तोमेने विचारलं.

"खाली शहरात, संग्रहालयात. इथे कसर खात होती, आई. तिथे काचेत राहील. ही नक्कल त्यांनीच करून दिली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"हात तोडला असता तुझा."

शिगेओ खाली बसला. एक पाय त्याला लांबच ठेवावा लागला. "आई, बर्फ पडायच्या आत आपणही खाली जाऊ. छपरावरचं बर्फ माझ्या एकट्याच्याने ओढवत नाही आता."

"अस्सं. म्हणजे पोथी पुढे धाडलीस, मागून म्हातारी." तिचा आवाज चढला. "मग माझीही नक्कल छापून घे आणि तीच ने. खोकणार नाही, कुणाला बोलणार नाही. मी इथेच मरेन."

शिगेओ नुसता गुडघा चोळत राहिला. गेल्या हिवाळ्यात तो छपरावरून घसरला, तेव्हा बर्फ उपसायला धावून आली ती एकटी इने, तीही काठी टेकत. वरच्या आळीत आता तिसरं दारच उघडत नव्हतं. तोमेला लेकाचे पांढरे केस दिसले, आणि त्यांचाही राग आला.

तिने शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि काळ्या ठिपक्यात खुपसली. मग कुंपणाशी जाऊन हाक मारली, "इने! ये गं, ढग गेला."

इने आली. तोमेने पान दाराकडे धरलं. ऊन सांडलं, पण तोंडातून नाही. सुई सरकली होती. ऊन गालातून पडत होतं.

दोघी बघत राहिल्या.

"म्हातारी कूस बदलतेय वाटतं," इने हळूच म्हणाली.

"हो," तोमे म्हणाली. "तिला आता इथे झोप लागत नाही."